त्याला, त्याच्यावर, त्याच्याशी, त्याच्याकडून: फ्रेंचमध्ये ‘लुई’ कुठे येतो आणि कुठे येत नाही

‘मी तिच्यावर विश्वास ठेवतो’ हे वाक्य फ्रेंचमध्ये सांगायचं असेल तर ‘ज लुई फे कोंफ्याँस’ असं म्हणतात. ‘मी तिच्याशी बोलतो’ म्हणजे ‘ज लुई पार्ल’. ‘तो तिच्यासारखा दिसतो’ म्हणजे ‘ईल लुई रसाँब्ल’. ‘मी तिच्याकडून पुस्तक उसनं घेतलं’ म्हणजे ‘ज लुई ए आँप्रँते अँ लीव्ह्र’. मराठीत इथे चार वेगळे प्रत्यय आणि शब्दयोगी लागले: -वर, -शी, -सारखा, -कडून. फ्रेंचमध्ये चारही ठिकाणी एकच ‘लुई’ आहे. उलट ‘मी तिला मदत करतो’ या वाक्यात मराठीत सरळ ‘तिला’ असूनही फ्रेंच माणूस ‘लुई’ म्हणणार नाही. तो म्हणेल ‘ज लेद’, म्हणजे ‘ज ल एद’ जोडून.

म्हणजे मराठी प्रत्यय बघून फ्रेंच सर्वनाम निवडता येत नाही. तरीही मराठीच्या आधाराने ही गोष्ट नीट समजते, आणि माझ्या मते इंग्रजीच्या आधाराने समजते त्याहून चांगली समजते. आपल्याकडे फ्रेंचची पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजीत कोणत्याही ‘त्याला’साठी एकच ‘हिम’ असल्यामुळे फरक तिथेच पुसला जातो. मराठीत तो निदान अर्धा तरी दिसतो. तो कुठे दिसतो आणि कुठे फसवतो, ते पाहू.

लेखनाबद्दल थोडं. इथे फ्रेंच शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. अनुस्वार आणि चंद्रबिंदू नाकातला स्वर दाखवतात, तिथे ‘न’ किंवा ‘म’ उच्चारायचा नाही. फ्रेंच स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत शेजारी लिहून ठेवा.

पहिली पायरी: सहा रूपं, पण अडचण फक्त दोघांची

ज्या क्रियापदानंतर व्यक्तीच्या आधी ‘आ’ हे अव्यय येतं, तिथे त्या व्यक्तीऐवजी ही सर्वनामं येतात: म (मला), त (तुला), लुई (त्याला किंवा तिला), नू (आम्हाला, आपल्याला), व्हू (तुम्हाला), लर (त्यांना).

यातले म, त, नू आणि व्हू हे थेट कर्मासाठीही तसेच राहतात. ‘तो मला बघतो’ म्हणजे ‘ईल म रगार्द’ आणि ‘तो माझ्याशी बोलतो’ म्हणजे ‘ईल म पार्ल’. दोन्हीकडे ‘म’च. त्यामुळे गोंधळ होतो तो फक्त तृतीय पुरुषात: थेट कर्म असेल तर ल (त्याला), ला (तिला), ले (त्यांना) आणि ‘आ’ असेल तर लुई, लर. अभ्यासाचा वेळ इथेच घाला.

‘लुई’ पुरुषासाठीही आणि बाईसाठीही. ‘तिला’ म्हणून वेगळं रूप शोधत बसू नका. ‘लर’ला अनेकवचनाचा ‘एस’ कधीही लागत नाही. ‘लर मेझों’ म्हणजे ‘त्यांचं घर’ यातला मालकी दाखवणारा ‘लर’ पुढचं नाम अनेकवचनी असेल तर ‘एस’ घेतो, सर्वनाम ‘लर’ घेत नाही. दोन्ही ‘लर’ लॅटिनमधल्या ‘इल्लोरुम’ या षष्ठीच्या अनेकवचनी रूपातून आले आहेत. ‘त्यांचे’ हा अर्थ मुळातच त्यात होता, म्हणून सर्वनामाला आणखी अनेकवचन करायची गरज पडली नाही.

दुसरी पायरी: थेट कर्माची जागा आधीच भरलेली आहे का?

सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. फ्रेंचमध्ये क्रियापद आणि नाम यांच्या ठरलेल्या जोड्या पुष्कळ आहेत. ‘फेर कोंफ्याँस’मध्ये ‘फेर’ म्हणजे करणे आणि ‘कोंफ्याँस’ म्हणजे विश्वास. थेट कर्माची जागा ‘विश्वास’ने घेतली आहे. ज्याच्यावर विश्वास आहे त्या व्यक्तीला ती जागा उरलेली नाही, म्हणून ती ‘आ’ घेऊन येते आणि सर्वनाम होताना ‘लुई’ किंवा ‘लर’ होते.

आपल्या ‘विश्वास ठेवणे’, ‘उत्तर देणे’, ‘प्रश्न विचारणे’ यांची बांधणी हुबेहूब अशीच आहे. ‘मी त्याला प्रश्न विचारला’ यात प्रश्न हे कर्म, आणि ‘त्याला’ हा ज्याच्यापर्यंत प्रश्न पोचला तो. फ्रेंचमध्ये ‘पोझे य्युन केस्त्यों आ केल्कँ’ आणि सर्वनामासह ‘ज लुई पोझ य्युन केस्त्यों’. ‘केल्कँ’ म्हणजे कोणीतरी. शब्दकोशात जोडीपुढे ‘आ केल्कँ’ छापलेलं असतं, ते जोडीचाच भाग समजून पाठ करा. नुसतं ‘फेर पर म्हणजे घाबरवणे’ असं लिहून ठेवलेलं बोलताना उपयोगी पडत नाही. ‘फेर पर आ केल्कँ’ लिहिलंत तर सर्वनाम आपोआप सुचतं.

रोज लागणाऱ्या जोड्या अशा:

– फेर प्लेझीर आ: आनंद देणे. ‘सा लुई फे प्लेझीर’, याने त्याला आनंद होतो.
– फेर माल आ: दुखवणे, इजा करणे. ‘सा म फे माल’, मला दुखतंय.
– फेर सीन्य आ: खूण करणे.
– राँद्र व्हिझित आ: एखाद्याला भेटायला जाणे. ‘व्हिझिते’ हे क्रियापद शहर, संग्रहालय, किल्ला यांच्यासाठी. आत्याकडे जाण्यासाठी ‘राँद्र व्हिझित’.
– राँद्र सेर्व्हीस आ: एखाद्याचं काम करून देणे.
– दोने अँ कू द मॅं आ: हातभार लावणे.
– दीर बोंजूर आ, दीर मेर्सी आ: नमस्कार म्हणणे, आभार मानणे.
– तनीर तेत आ: एखाद्यापुढे न झुकता उभं राहणे. ‘एल लुई त्यॅं तेत’.
– कूपे ला पारोल आ: बोलणं मधेच तोडणे. ‘ईल मा कूपे ला पारोल’.

शेवटच्या जोडीकडे थोडं थांबून बघा. मराठीत आपण ‘माझं बोलणं तोडलं’ म्हणतो, षष्ठी वापरतो. फ्रेंचमध्ये ती षष्ठी ‘म’ होते. शरीराच्या अवयवांबाबत हा नियमच आहे. ‘तिने त्याचे केस कापले’ म्हणजे ‘एल लुई आ कूपे ले शव्ह’, शब्दशः ‘तिने त्याला केस कापले’. ‘त्याचा हात हातात घेऊन हस्तांदोलन केलं’ म्हणजे ‘ज लुई ए सेरे ला मॅं’. ‘सों’, ‘सा’ ही ‘त्याचा-त्याची’ असे अर्थ देणारी रूपं इथे वापरली तर वाक्य परकं वाटतं.

आणखी एक गट आहे ज्याने मराठी माणूस हमखास चकतो. उसनं घेणे (आँप्रँते), चोरणे (व्होले), लपवणे (काशे), काढून घेणे (प्राँद्र): या सगळ्यांत वस्तू त्या व्यक्तीकडून दूर जाते, आपण ‘-कडून’ किंवा ‘-पासून’ म्हणतो, पण फ्रेंचमध्ये तिथेही ‘आ’ आहे. ‘त्याने त्यांच्यापासून सत्य लपवलं’ म्हणजे ‘ईल लर आ काशे ला व्हेरिते’. देणं असो की घेणं, व्यवहार ज्या माणसाशी झाला त्याच्याआधी ‘आ’, असं लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: ‘-ला’ची परीक्षा

जोडी नसेल, एकटंच क्रियापद असेल तर? मराठीत ‘-ला’ दोन कामं करतो. एक म्हणजे संप्रदान, ‘त्याला पैसे दिले’. दुसरं म्हणजे सजीव कर्म दाखवणं, ‘त्याला पाहिलं’. दोघांना वेगळं करण्यासाठी माणसाच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून वाक्य म्हणून बघा.

‘मी मुलाला शोधतोय’ आणि ‘मी किल्ली शोधतोय’. ‘-ला’ गळला, म्हणजे थेट कर्म: ‘ज ल शेर्श’. ‘मी त्याला ओळखतो’ आणि ‘मी तो आवाज ओळखतो’. गळला, थेट कर्म. ‘मी त्याला उत्तर दिलं’ आणि ‘मी पत्राला उत्तर दिलं’. राहिला, म्हणजे ‘आ’: ‘ज लुई ए रेपोंद्यु’. ‘मी तिला फोन केला’ आणि ‘मी ऑफिसला फोन केला’. राहिला, म्हणून ‘ज लुई ए तेलेफोने’.

‘माफ करणे’वर ही परीक्षा फार सुंदर चालते. ‘त्याची चूक माफ केली’, चुकीला ‘-ला’ नाही. म्हणजे थेट कर्म आहे ती चूक, आणि माणूस मागे सरकला. फ्रेंचमध्येही ‘पार्दोने’चं थेट कर्म चूक असते आणि माणसाआधी ‘आ’: ‘ज लुई पार्दोन’.

चौथी पायरी: जिथे मराठी दगा देते

परीक्षा बऱ्याचदा खरी ठरते, सगळीकडे नाही. काही क्रियापदं पाठच करावी लागतात, कारण मराठीत जे प्रत्यय आहेत त्यावरून फ्रेंचचा अंदाज लागत नाही.

फ्रेंचमध्ये थेट कर्म घेणारी ही क्रियापदं आधी पक्की करा. एदे (मदत करणे): ज लेद. आताँद्र (वाट पाहणे): ज लाताँ. रगार्दे (कडे बघणे): ज ल रगार्द. एकूते (ऐकणे): ज लेकूत. रमेर्स्ये (आभार मानणे): ज ला रमेर्सी. आपले (हाक मारणे, फोन लावणे): ज लापेल. आपण म्हणतो ‘त्याची वाट’, ‘त्याच्याकडे बघ’, ‘त्याचं ऐक’, ‘तिचे आभार’, आणि यांपैकी एकाही ठिकाणी ‘लुई’ येत नाही.

यातल्या काहींना जवळच्या अर्थाची ‘आ’वाली जोडी असते. दोन्ही शेजारीशेजारी लिहून ठेवली की डोक्यात पक्कं बसतं. ‘ज लापेल’, पण ‘ज लुई तेलेफोन’. ‘ज ला रमेर्सी’, पण ‘ज लुई दी मेर्सी’. ‘ज लेद’, पण ‘ज लुई दोन अँ कू द मॅं’. ‘ज ल क्रवा’ म्हणजे तो सांगतोय ते मला खरं वाटतं, पण ‘ज लुई फे कोंफ्याँस’ म्हणजे माणूस म्हणून माझा त्याच्यावर भरवसा आहे. प्रत्येक जोडीत उजव्या बाजूला थेट कर्माची जागा ‘मेर्सी’, ‘कू द मॅं’, ‘कोंफ्याँस’ यांनी भरली आहे. फक्त ‘तेलेफोने’ आणि त्याच्यासारखी पार्ले, रेपोंद्र, ओबेईर (आज्ञा पाळणे), रसाँब्ले (सारखं दिसणे) ही एकटी क्रियापदं आपल्या स्वभावानेच ‘आ’ मागतात.

पुढे दुसरं क्रियापद येत असेल तर आणखी सावध राहा. ‘ज लेद आ कुईझीने’, मी त्याला स्वयंपाकात मदत करतो. इथे ‘आ’ आहे, पण तो ‘कुईझीने’ या क्रियापदाचा आहे, माणसाचा नाही. म्हणून ‘लुई’ नाही. ॲंव्हीते (आमंत्रण देणे), ओब्लीजे (भाग पाडणे), आँकुराजे (प्रोत्साहन देणे) याच गटातली. याउलट परवानगी, मनाई, सल्ला, वचन यांची क्रियापदं, म्हणजे पेर्मेत्र, ॲंतेर्दीर, कोंसेये, प्रोमेत्र, माणसाआधी ‘आ’ आणि क्रियापदाआधी ‘द’ घेतात. ‘मी तिला बाहेर जायची परवानगी देते’ म्हणजे ‘ज लुई पेर्मे द सोर्तीर’. शिकवणे या अर्थाचा ‘आप्राँद्र’ तर दोन्हीकडे ‘आ’ घेतो: ‘ज लुई आप्राँ आ नाजे’, मी त्याला पोहायला शिकवतो.

पाचवी पायरी: ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं

इथे मराठी बोलणाऱ्याला खरी सोय आहे, आणि ती शिकवताना कुणी फारसं सांगत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ‘त्यु म माँक’ हे वाक्य उलटं वाटतं. आपल्याला ते उलटं वाटायचं कारण नाही. ‘मला तुझी उणीव भासते’ यात जिला वाटतं ती व्यक्ती ‘मला’ आहे, आणि फ्रेंचमध्येही तीच ‘म’ आहे. फक्त कर्ता ‘त्यु’, म्हणजे तू.

असेच: सा म प्ले (मला आवडतं), ईल म फो अँ स्तिलो (मला पेन हवं), ईल म रेस्त दीझ एरो (माझ्याकडे दहा युरो उरलेत), सा व्हू व्हा? (तुम्हाला चालेल?), सा त दी? (तुला आवडेल का, यायचंय का?), सा लुई कोंव्ह्यॅं (तिला सोयीचं आहे). अनुभव ज्याला येतो त्याला ‘-ला’ लावणं ही मराठीची रोजची सवय आहे. ती इथे मोकळेपणाने वापरा.

मात्र प्रत्येक ‘मला’ म्हणजे ‘म’ नव्हे. भूक, तहान, भीती, गरज, इच्छा या गोष्टी फ्रेंच माणूस ‘माझ्याकडे आहे’ असं सांगतो: जे फॅं (मला भूक लागली), जे पर (मला भीती वाटते), जे बझ्वॅं द त्वा (मला तुझी गरज आहे). ‘पर’ची दोन्ही वाक्यं एकत्र म्हणून बघा. ‘जे पर’ म्हणजे मला भीती वाटते, ‘त्यु म फे पर’ म्हणजे तू मला घाबरवतोस. पहिल्यात मी कर्ता, दुसऱ्यात भीती माझ्यापर्यंत पोचवणारा कर्ता.

पुण्या-मुंबईत डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-दोन पातळीची तयारी करणाऱ्यांनी ही पायरी विशेष घोटावी. त्या परीक्षेच्या लेखी भागात आमंत्रण, आभार, माफी, विनंती अशा स्वरूपाचा छोटा संदेश लिहायला सांगतात, आणि ‘सा त दी’, ‘सा व्हू कोंव्ह्यॅं’, ‘ज त प्रोमे’ अशा वाक्यांनीच तो बनतो.

सहावी पायरी: जागा

सर्वनाम रूप चालवलेल्या क्रियापदाच्या अगदी आधी येतं. नकारात ‘न’ सर्वनामाच्या आधी आणि ‘पा’ क्रियापदाच्या नंतर: ज न लुई फे पा कोंफ्याँस. पूर्ण भूतकाळात साहाय्यक क्रियापदाच्या आधी: ज लुई ए फे कोंफ्याँस. ‘जाणार आहे’, ‘इच्छितो’, ‘शकतो’ अशा रचनेत मात्र मूळ क्रियापदाच्या आधी: ज व्हे लुई राँद्र व्हिझित. अर्थ ज्या क्रियापदाचा, सर्वनाम त्याच्याजवळ.

आज्ञार्थात होकार असेल तर सर्वनाम मागे जातं आणि लिहिताना जोडरेघ लागते: फे-लुई कोंफ्याँस. ‘म’ आणि ‘त’ तिथे ‘म्वा’, ‘त्वा’ होतात: तेलेफोन-म्वा. नकार आला की पुन्हा पुढे: न लुई फे पा पर, त्याला घाबरवू नकोस.

भूतकाळी धातुसाधिताचा मेळ ‘लुई’, ‘लर’शी कधीच करायचा नाही. ‘त्याने आम्हाला पाहिलं’मध्ये ‘नू’ थेट कर्म आहे, म्हणून लिहिताना धातुसाधिताला अनेकवचनाचा ‘एस’ लागतो. ‘तो आमच्याशी बोलला’मध्ये ‘नू’ म्हणजे ‘आ नू’, म्हणून काहीच लागत नाही. ‘त्या दोघी एकमेकींशी बोलल्या’, एल स सों पार्ले, यातही नाही, कारण ‘स’ इथे ‘आ’वाला आहे. कानाला फरक कळत नाही, कागदावर मात्र गुण जातात.

कर्मणी प्रयोग करायचा मोह झाला तर हेही ध्यानात घ्या की ‘आ’वाली व्यक्ती कर्मणीत कर्त्याच्या जागी येत नाही. ‘तिला फोन केला गेला’साठी ‘ओं लुई आ तेलेफोने’ म्हणतात (‘ओं’ म्हणजे कोणीतरी). ओबेईर, देझोबेईर आणि पार्दोने एवढी क्रियापदं याला अपवाद आहेत.

सातवी पायरी: ‘आ’ आहे, पण ‘लुई’ नाही

थोड्या क्रियापदांनंतर ‘आ’ असूनही सर्वनाम पुढे येत नाही. ‘मी त्याचा विचार करतो’ म्हणजे ‘ज पाँस आ लुई’, आणि ‘तिचा’ म्हणजे ‘ज पाँस आ एल’. इथला ‘लुई’ हे जोर देणारं रूप आहे आणि ते फक्त पुल्लिंगी आहे. पाँसे (विचार करणे), तनीर आ (जीव असणे), फेर आताँस्यों (काळजी घेणे, लक्ष देणे), आव्ह्वार आफेर (गाठ पडणे), आणि ‘स’ लागणारी सॅंतेरेसे (रस घेणे), साबित्युए (सवय होणे) ही या गटातली. ‘फेर कोंफ्याँस’ आणि ‘फेर आताँस्यों’ दिसायला जुळी आहेत, पण वागतात वेगळी: फे-लुई कोंफ्याँस, पण फे आताँस्यों आ एल. याचं कारण शोधण्यापेक्षा ही यादी वहीच्या वेगळ्या पानावर ठेवा. ती लहान आहे.

‘आ’नंतर माणूस नसून वस्तू असेल तर ‘ई’ वापरतात. पत्राला उत्तर: जी रेपों. माणसाला उत्तर: ज लुई रेपों.

आठवी पायरी: दोन सर्वनामं एकत्र

म, त, नू, व्हू यांच्यानंतर ल, ला, ले येतात. पण लुई, लर असतील तर ल, ला, ले त्यांच्या आधी. ‘तो मला ते देतो’, ईल म ल दोन. ‘मी त्याला ते सांगितलं’, ज ल लुई ए दी. बोलताना फ्रेंच लोक हा मधला ‘ल’ गाळतात आणि ‘ज लुई ए दी’वर भागवतात. ते ऐकून समजून घ्या, परीक्षेत लिहिताना पूर्ण लिहा. ‘आँ’ (‘त्यातलं’, ‘त्याबद्दल’ अशा अर्थाचं सर्वनाम) नेहमी शेवटी.

त्या ‘आँ’ची एक जोडी फार कामाची आहे: आँ व्हूल्वार आ केल्कँ, एखाद्याबद्दल मनात राग धरणे. ‘ज लुई आँ व्ह’, माझा त्याच्यावर राग आहे. ‘न माँ व्ह पा’, माझ्यावर रागावू नकोस. इथे ‘आँ’ कशाच्याही ऐवजी आलेला नाही, तो जोडीतच गोठलेला आहे. तो गाळला तर अर्थ राहत नाही.

आणि एक बंधन: म, त, नू, व्हू आणि लुई, लर एकत्र येत नाहीत. ‘त्याने माझी तिच्याशी ओळख करून दिली’ म्हणजे ‘ईल मा प्रेझाँते आ एल’. इथे ‘आ एल’ मागेच ठेवावं लागतं.

सरावासाठी

उत्तरं झाकून ही वाक्यं तोंडी करा. आधी थेट कर्माची जागा कुणी घेतली आहे ते ओळखा, मग सर्वनाम निवडा, मग जागा.

मी त्यांना भेटायला जातो. तिने त्याला दुखावलं नाही. त्यांची वाट बघ. तो माझ्याकडून पैसे उसने घेणार आहे. तिचा आपल्यावर राग आहे. त्याला मदत कर. तिला तुमची आठवण येते. मी तिची काळजी घेतो.

उत्तरं त्याच क्रमाने: ज लर राँ व्हिझित. एल न लुई आ पा फे माल. आताँ-ले. ईल व्हा माँप्रँते द लार्जाँ. एल नू आँ व्ह. एद-ल. व्हू लुई माँके. ज फे आताँस्यों आ एल.

सातव्यात ‘तिला’ हा ‘लुई’ झाला आणि ‘तुमची’ हा कर्ता ‘व्हू’ झाला, म्हणून क्रियापदही ‘व्हू’प्रमाणे चाललं. हे वाक्य अडखळलं असेल तर पाचवी पायरी पुन्हा वाचा आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव घालून तेच वाक्य म्हणा: आईला बाबांची आठवण येते, बाबांना आजीची, आजीला नातवंडांची. दर वेळी ज्याला आठवण येते तो ‘लुई’ किंवा ‘लर’, आणि ज्याची येते तो कर्ता.